देवघरातली लक्ष्मी कुणाची? राजा रविवर्मा यांचं आयुष्य आणि चित्रांच्या हक्काची गोष्ट

दिवाळी जवळ आली की बेळगावपासून इंदूरपर्यंत आणि मडगावपासून वडोदऱ्यापर्यंत घरगुती वस्तूंची प्रदर्शनं भरायला लागतात. हाताने रंगवलेल्या कापडी पिशव्या, नाव घालून दिलेले कप, रुखवतात मांडायच्या फ्रेमा, खणाच्या कापडावर बसवलेलं देवीचं चित्र. या सगळ्यात एक चित्र हटकून दिसतं. पाण्यात उमललेल्या कमळावर उभी असलेली चार हातांची लक्ष्मी आणि बाजूला सोंड उंचावलेला हत्ती. वस्तू विकणाऱ्या बाईला विचारलं, की हे चित्र वापरायची परवानगी कुणाकडून घेतली, तर ती गोंधळते. देवाच्या चित्राला कसली परवानगी?

चित्र देवीचं असलं तरी ते काढलं एका माणसानेच. राजा रविवर्मा. आणि चित्र कुणाचं, ते छापायचा हक्क कुणाचा, विकायचा कुणी आणि किती किमतीला, या प्रश्नांनी त्यांच्या आयुष्याची शेवटची पंधरा वर्षं पुरती व्यापली होती.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८चा, त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूर इथला. घराणं राजघराण्याशी सोयरीक असलेलं. घरात संस्कृत, कथकली, संगीत यांचं वातावरण, आणि मामा राजराज वर्मा स्वतः चित्रं काढणारे. पोराने भिंतींवर कोळशाने चित्रं काढली, तेव्हा रागावण्याऐवजी मामांनी त्याला शिकवायला घेतलं, असं चरित्रकार सांगतात. वयाच्या चौदाव्या वर्षी मामाच त्याला तिरुअनंतपुरमच्या राजवाड्यात घेऊन गेले. महाराज आयिल्यम तिरुनाळ यांना चित्रकलेची आवड होती. मुलाची तिथे सोय लागली.

पण सोय लागली म्हणजे गुरू मिळाला असं नव्हे. तैलरंग तेव्हा आपल्याकडे नवीन. दरबारी चित्रकार रामस्वामी नायकर यांना ते तंत्र येत होतं, पण ते शिकवायला तयार नव्हते. त्यांचा शिष्य आरुमुगम पिल्लै मात्र या मुलाला चोरून थोडंफार दाखवायचा. पुढे १८६८मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार राजवाड्यात चित्रं काढायला आला. त्यानेही शिकवलं नाही, फक्त काम करताना बघायला परवानगी दिली. रविवर्मांनी बघून बघून उचललं. राजवाड्यात येणारी युरोपियन चित्रांची पुस्तकं आणि छापील प्रती समोर ठेवून ते सराव करत राहिले. एक गोष्ट इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या माणसाच्या चित्रांची पुढे देशात सगळ्यात जास्त नक्कल झाली, तो स्वतः नक्कल करतच शिकला होता. शिकण्यासाठी केलेली नक्कल आणि विकण्यासाठी केलेली नक्कल यात फरक आहे, पण त्या काळी ही रेघ कुणी आखलेली नव्हती.

१८७३मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला सुवर्णपदक मिळालं. केसांत मोगऱ्याची फुलं माळणारी नायर स्त्री, असा साधा विषय. तेच चित्र व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही गाजलं. १८७८मध्ये मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचं व्यक्तिचित्र त्यांनी केलं आणि मग राजेरजवाड्यांकडून बोलावणी यायला लागली.

बडोद्याचा धागा

बडोद्याला रविवर्मांना आणलं ते एका तंजावरी मराठी माणसाने. सर टी. माधवराव. तंजावरच्या मराठी देशस्थ घराण्यातला, कुंभकोणमला जन्मलेला हा माणूस आधी त्रावणकोरचा दिवाण, मग इंदूरला होळकरांचा दिवाण आणि १८७५पासून बडोद्याचा दिवाण. महाराष्ट्राच्या बाहेर राहूनही मराठी माणसं एका संस्थानातून दुसऱ्या संस्थानात कशी फिरत होती, याचं हे ठळक उदाहरण. माधवरावांनी रविवर्मांचं काम त्रावणकोरात असतानाच पाहिलं होतं. नाशिकजवळच्या कवळाण्यातून दत्तक आलेले सयाजीराव गायकवाड डिसेंबर १८८१मध्ये राज्यकारभार हाती घेणार होते. त्या सुमारास रविवर्मा धाकट्या भावाला, सी. राजराज वर्मांना, बरोबर घेऊन बडोद्याला आले. काही महिने राहिले, महाराजांची आणि घरातल्या मंडळींची चित्रं काढली.

माधवरावांनी आणखी एक गोष्ट केली. मागणी इतकी आहे की दोन हातांनी ती कधीच पुरी होणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. निवडक चित्रं युरोपला पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढून घ्याव्यात, असा सल्ला त्यांनी रविवर्मांना पत्राने दिला. ही कल्पना अमलात यायला पुढे जवळपास दहा वर्षं गेली, पण बी पेरलं माधवरावांनी.

१८८८मध्ये सयाजीरावांनी मोठं काम सांगितलं. लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पुराणांतल्या प्रसंगांवर चौदा चित्रं. मोबदला पन्नास हजार रुपये. त्या काळात ही रक्कम म्हणजे डोळे विस्फारावेत अशीच. दोघे भाऊ आधी उत्तर हिंदुस्थान फिरून आले. सीता, दमयंती, शंतनू यांना कुठले कपडे घालायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. साऱ्या देशाचा म्हणावा असा एकच पोशाख काही सापडला नाही. शेवटी त्यांनी साडी निवडली, आणि कितीतरी चित्रांत ती नेसवली आपल्या दख्खनी पद्धतीने. आज आपल्या डोळ्यांपुढे पुराणातली नायिका येते ती बहुतेक वेळा मराठी बाईसारखी नेसलेली असते, त्यामागे हा निर्णय आहे.

१८९०मध्ये चित्रं पुरी झाली. राजवाड्यात जाण्याआधी ती तिरुअनंतपुरमला आणि मुंबईला लोकांसमोर मांडली गेली. बडोद्यातही लोक बघायला लोटले. त्या चित्रांची छायाचित्रं देशभर हातोहात खपली, असं चरित्रकारांनी लिहून ठेवलं आहे. मूळ चित्र महाराजांच्या भिंतीवर आणि त्याची प्रत शिंप्याच्या, सोनाराच्या, कारकुनाच्या घरी.

इथेच पहिला गुंता. पैसे सयाजीरावांनी दिले, कॅनव्हास त्यांच्या मालकीचा झाला. मग त्या चित्राच्या प्रती काढायचा हक्क कुणाचा, चित्रकाराचा की राजाचा? १८९०मध्ये हा प्रश्न कुणी कोर्टात नेला नाही. सयाजीराव दिलदार होते, चित्रकाराशी त्यांचे संबंध चांगले होते, विषय तिथेच राहिला. मात्र आज हीच गोष्ट घडली असती तर उत्तर वेगळं आलं असतं. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७मध्ये स्पष्ट म्हटलं आहे, की कुणी पैसे देऊन आपल्यासाठी मुद्दाम एखादं चित्र, व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र करून घेतलं आणि आधी वेगळा करार झालेला नसला, तर त्याचा पहिला मालक काम सांगणारा असतो, चित्रकार नव्हे. आज ऑर्डर घेऊन जोडप्यांची चित्रं उशीवर रंगवून देणाऱ्यांना, नातवाचा चेहरा लाकडावर कोरून देणाऱ्यांना हे बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं. तेच चित्र आपल्या जाहिरातीत टाकायचं किंवा दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकायचं असेल, तर ऑर्डर घेतानाच दोन ओळी लिहून घ्याव्या लागतात. काम झाल्यावर मागितलं तर गिऱ्हाईक भुवया उंचावतं, आणि कायदा त्याच्या बाजूने असतो.

दगडावरची चित्रं

१८९४मध्ये रविवर्मांनी मुंबईत गिरगावात छापखाना काढला. भागीदार गोवर्धनदास खटाव मखनजी. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन. यातल्याच फ्रिट्झ श्लायशर या तंत्रज्ञाचं नाव पुढे महत्त्वाचं ठरतं.

हे छापणं म्हणजे आजच्यासारखं बटण दाबणं नव्हतं. चित्र आधी रंगांमध्ये फोडायचं. प्रत्येक रंगासाठी गुळगुळीत घासलेला वेगळा चुनखडीचा दगड. त्या दगडावर तेलकट शाईने फक्त त्या रंगाचा भाग उतरवायचा. दगड ओला केला की जिथे तेल आहे तिथे पाणी बसत नाही, आणि जिथे पाणी आहे तिथे शाई बसत नाही. एवढ्याच तत्त्वावर सगळा खेळ. एका चित्राला डझनभर किंवा त्याहून जास्त दगड लागायचे, कागद तितक्या वेळा यंत्रातून जायचा, आणि दर वेळी तो केसभरही सरकून चालायचं नाही. सरकला की लक्ष्मीचे ओठ गालावर. शेवटी वरून चकाकणारं वॉर्निश आणि कॅनव्हाससारखा उठाव. याला ओलिओग्राफ म्हणायचे. पहिलं छापलं गेलं ते शकुंतलेच्या जन्माचं चित्र. मग लक्ष्मी, सरस्वती, दमयंती, मोहिनी.

रंगीत देव छापणारे रविवर्मा पहिले नव्हते. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि मंडळींची चित्रशाळा होती, कलकत्त्यातही चित्रांचे छापखाने होते. पण रविवर्मांच्या देवांना माणसाचं अंग होतं. हात धरावासा वाटेल असा हात होता. ज्यांना देवळाच्या पायरीवरच थांबवलं जायचं त्यांच्याही घरी आता देव आला, आणि तो उजळ, सुंदर, जवळचा होता. कर्मठांनी देव बाजारात मांडला म्हणून नाकं मुरडली. पुढे कलासमीक्षकांनीही नाकं मुरडली, वेगळ्या कारणाने. खप काही थांबला नाही.

आणि मग घराघरांत जे सुरू झालं त्याला आजच्या भाषेत हस्तकला म्हणतात. बायका या छापील चित्रांवर जर लावायच्या. साडीच्या जागी खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवायच्या, दागिन्यांच्या जागी मणी आणि टिकल्या, मुकुटावर सोनेरी कागद. चित्र छापखान्यातून हजारोंनी एकसारखं निघायचं, पण अशी सजवलेली प्रत जगात एकच असायची.

छापखान्याबाहेर मात्र वेगळाच बाजार उभा राहिला. रविवर्मांची चित्रं काडेपेट्यांवर आली, त्यातल्या कितीतरी परदेशातून छापून यायच्या. परदेशी गिरण्यांच्या कापडाच्या गठ्ठ्यांवर जी रंगीत लेबलं चिकटवलेली असायची त्यांवरही आली. दुसऱ्या छापखान्यांनी तेच चित्र थोडं इकडेतिकडे करून काढलं. रविवर्मांना यातलं काय मिळालं? फारसं काही नाही. आणि त्यांनी दाद मागायची तरी कुठे? तेव्हा हिंदुस्थानात लागू असलेला १८४७चा कायदा पुस्तकांसाठी होता. इंग्लंडमध्ये चित्रांसाठी १८६२पासून कायदा होता, पण वसाहतींमध्ये होणारी नक्कल त्यात येत नाही, असा निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेच कॅनडातल्या एका खटल्यात १९०३मध्ये दिला. चित्रकाराला सरळ हक्क देणारा कायदा हिंदुस्थानात आला तो १९१४मध्ये. रविवर्मा तेव्हा हयात नव्हते.

त्यात १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसं शहर सोडून पळायला लागली, धंदा बसला. छापखाना घाटकोपरला हलला होता, तो १८९९मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. कार्ल्याची लेणी जिथून जवळ पडतात ते हे मळवली. हवा चांगली, जागा मोकळी, पण कर्ज डोक्यावर. कारभार बघायचे धाकटे बंधू राजराज वर्मा. तेही उत्तम चित्रकार, आणि हाच त्यांचा दोष. दोघेही भाऊ संस्थानिकांच्या बोलावण्यावर महिनोन्‌महिने फिरतीवर असायचे. हिशोब, उधारी, कागदाचा साठा हे बघायला मालक छापखान्यात हवा असतो. कुणी कितीही मोठा कलावंत असला तरी उधारी आपोआप वसूल होत नाही.

शेवटी नव्या शतकाच्या सुरुवातीला छापखाना श्लायशर यांनाच विकला गेला. किंमत पंचवीस हजार रुपये. आणि त्यातच एकोणनव्वद चित्रं छापायचे हक्कही. हा आकडा शांतपणे बघायला हवा. सयाजीरावांनी चौदा चित्रांना पन्नास हजार दिले होते. इथे यंत्रं, दगड, जागा आणि एकोणनव्वद चित्रांचा पुढचा सगळा धंदा मिळून त्याच्या निम्मे. रविवर्मांना फसवलं असं म्हणता येत नाही. कर्ज होतं, थकवा होता, आणि त्यांना चित्रंच काढायची होती. पण चित्राची खरी किंमत कॅनव्हासमध्ये नसून पुन्हा पुन्हा छापता येण्यात आहे, हे श्लायशर यांना जितकं कळलं होतं तितकं चित्रकाराला कळलं नव्हतं, असंच म्हणावं लागतं. श्लायशर यांनी छापखाना व्यवस्थित चालवला. देवांच्या तसबिरींबरोबर त्यांनी व्यापारी लेबलं आणि जाहिरातीही छापायला घेतल्या. एकाच चित्राखाली वेगवेगळ्या व्यापाऱ्यांचं नाव छापायची सोय कामाची होती. आजच्या नाव घातलेल्या कपाचा हा आजोबाच.

आजचा कायदा हक्क विकणाऱ्याला थोडा तरी आधार देतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. कुठलं काम, कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे त्यात यावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच धरतात. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलाच नाही, तर करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास तो परत येतो. रांगोळीचे साचे, रुखवताची चित्रं, ब्लाउजवरची नक्षी तयार करून दुकानदाराला एकरकमी विकून टाकणाऱ्यांनी हे चार मुद्दे पाठ करावेत असेच आहेत. आणि परवाना देणं वेगळं, विकून टाकणं वेगळं. परवाना म्हणजे घर भाड्याने देणं, विक्री म्हणजे खरेदीखत.

शेवटची वर्षं

छापखाना गेला तरी रविवर्मांचा हात चालूच होता. १९०१मध्ये ते उदयपूरला गेले आणि तिथल्या राण्यांच्या पूर्वजांची, महाराणा प्रतापांचीही, चित्रं काढली. १९०४मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. म्हैसूरच्या महाराजांसाठी नऊ पौराणिक चित्रांचं काम हाती घेतलं. त्यांच्या दोन नाती त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेल्या होत्या, मुलगा रामवर्मा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला. मात्र १९०५च्या सुरुवातीला राजराज वर्मा गेले. रंगांची पेटी, प्रवास, पत्रव्यवहार, पार्श्वभूमीतली झाडं-डोंगर, सगळ्यात बरोबर असलेला भाऊ. राजराज वर्मा रोजनिशी लिहायचे. आज आपल्याला या दोघांच्या फिरस्तीची बारीकसारीक माहिती आहे, ती त्यांच्यामुळे. त्यानंतर रविवर्मा फार काळ राहिले नाहीत. मधुमेहाने त्यांना आधीच पोखरलं होतं. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूरमध्ये त्यांचं निधन झालं. वय ५८.

मळवलीचा छापखाना मात्र पुढे कितीतरी वर्षं धडधडत राहिला. दादासाहेब फाळके यांनी चित्रपट काढण्याआधी इथल्या कामाचा अनुभव घेतला होता. एम. व्ही. धुरंधर यांच्यासारख्या चित्रकारांची चित्रं इथे छापली गेली. १९७२मध्ये मोठी आग लागली आणि कारखान्याबरोबर जुनी चित्रंही खाक झाली.

मग आता लक्ष्मी कुणाची?

१९१४च्या कायद्याप्रमाणे चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं टिकायचा. म्हणजे अगदी जास्तीत जास्त धरलं तरी १९५६. सध्याचा कायदा २१ जानेवारी १९५८ला लागू झाला, तोवर ही मुदत उलटून गेली होती. १९९२मध्ये रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरचा हक्क संपत आला म्हणून मुदत साठ वर्षं केली गेली, त्याचाही रविवर्मांच्या चित्रांशी संबंध येत नाही. ही चित्रं सगळ्यांची झाली आहेत. पिशवीवर, कपावर, पैठणीच्या पदरावर काढा, नाव घालून विका, कुणाला एक पैसा द्यावा लागत नाही. चेन्नईच्या एका पेढीने २००८च्या सुमारास रविवर्मांची चित्रं विणलेली साडी केली होती. जवळपास चाळीस लाख रुपये किंमत.

१९७९मध्ये रविवर्मांच्या कलाकृती राष्ट्रीय कलानिधी म्हणून जाहीर झाल्या. यावरून ती चित्रं छापायलाच बंदी आहे, असा एक समज पसरलेला दिसतो. तसं नाही. ही बंदी मूळ कॅनव्हास देशाबाहेर नेण्यावर आहे, त्याच्या प्रतीवर नाही.

खरी ठेच लागते ती शेजारच्या चित्रांना. बाजारात जुन्या दिसणाऱ्या प्रत्येक देवाच्या चित्राला सर्रास रविवर्मा म्हणतात. त्यातली कितीतरी दुसऱ्यांची असतात. गोव्यात जन्मलेले रघुवीर मुळगावकर १९७६मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३६ अखेरपर्यंत. मडगावचे दीनानाथ दलाल १९७१मध्ये गेले, म्हणजे २०३१ अखेरपर्यंत. गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित १९९३मध्ये गेले, तर २०५३ अखेरपर्यंत. या तिघांचं एखादं जुनं कॅलेंडर स्कॅन करून उशीवर छापलं, तर ती रविवर्मांची लक्ष्मी नव्हे, ते दुसऱ्याच्या वारसांचं किंवा ज्याने हक्क घेतला त्या प्रकाशकाचं धन. धुरंधर १९४४मध्ये गेले, त्यांची मुदत २००४ अखेरीस संपली. खालची सही वाचायला हवी, आणि सही नसेल तर कॅलेंडरची पाठ बघायला हवी.

रविवर्मांवरच्या गोष्टींचंही तेच. सीमाभागाच्या वाचकांना कोवाड माहीत आहे. बेळगावहून काही अंतरावरचं, चंदगड तालुक्यातलं ताम्रपर्णीकाठचं गाव, रणजित देसाई यांचं. त्यांनी ‘राजा रविवर्मा’ ही कादंबरी लिहिली, तिच्यावर केतन मेहता यांनी ‘रंगरसिया’ चित्रपट काढला. चित्रकार मुक्त आहे, पण कादंबरीतली वाक्यं नाहीत. देसाई १९९२मध्ये गेले, त्यांचा हक्क २०५२ अखेरपर्यंत. चित्रपटातलं दृश्य टी-शर्टवर छापणं तर आणखीच वेगळं प्रकरण. कितीतरी लोकांना रविवर्मा म्हणून जे माहीत आहे ते या कादंबरीतले आणि पडद्यावरचे रविवर्मा आहेत, हेही जाता जाता सांगायला हवं.

राहता राहिली चित्राची फाइल. इंटरनेटवरून मोठ्या आकाराचं छायाचित्र उतरवलं, आणि ते एखाद्या संग्रहालयाच्या किंवा विक्रेत्याच्या संकेतस्थळावरचं असलं, तर तिथल्या अटी वाचाव्यात. सपाट चित्राचा हुबेहूब फोटो काढण्यात नवीन निर्मिती किती, हा वादाचा मुद्दा आहे. नुसत्या मेहनतीवर हक्क मिळत नाही, काही किमान निर्मितिक्षमता लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७मध्ये कायद्याच्या निकालपत्रांच्या एका खटल्यात म्हटलं होतं. पण पैसे भरून फाइल घेताना मान्य केलेली अट ही करार असते, आणि करार वेगळा पाळावा लागतो. घरात आजीच्या काळातली तसबीर असेल तर सगळ्यात सोपं. काच काढा, फोटो स्वतः काढा.

वडोदऱ्याच्या राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्मांची मूळ चित्रं आजही बघायला मिळतात. जर आणि टिकल्या लावून सजवलेले ओलिओग्राफ आता संग्राहकांच्या हातात आणि संग्रहालयांत पोचले आहेत. त्यांच्या खाली चित्रकाराचं नाव असतं, छापखान्याचं असतं, कधी विक्रेत्याचं त्याच्या पत्त्यासकट असतं. ज्या बाईने रात्री कंदिलाच्या उजेडात बसून लक्ष्मीच्या साडीला काठ लावला, तिचं नाव मात्र बहुतेकांवर नसतं.